दाताला कार्ड चालत नाही



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या अंबाजोगाईत लोक व्याख्यानाला येतात ते काहीतरी उंचावरचं ऐकायला. मी दंतवैद्य. माझी सगळी नोकरी लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात गेली, त्यामुळे उंचावरचं माझ्याकडे काही नाही. पण ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवायचे आणि हिशेबावाचून दिलेलं मत त्यांना खपत नसे. म्हणून आज हिशेबच घेऊन आलोय. दाताचा डॉक्टर कसा निवडावा आणि निवडताना विमा, योजना, कार्ड या गोष्टींना किती वजन द्यावं, एवढाच विषय. मी याच धंद्यातला असल्यामुळे, कापडवाल्याने गिऱ्हाइकाला पोत कसा बघावा हे शिकवावं, तसं हे आहे. तेव्हा माझंही जरा पारखूनच घ्या.

सरकारी दवाखान्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस तोंड उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा. "डॉक्टर, दाढ लई ठणकायली. कार्ड चालतंय का?" मी नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग काढूनच टाका." माझं आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

कार्ड का चालत नाही, हे आधी नीट समजून घेऊ. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात बीड नव्हतं. आपण आलो २०१३च्या नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्या टप्प्यात. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेली कुटुंबं त्यात होतीच, पण शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या चौदा जिल्ह्यांना शासनाने वेगळं काढलं, त्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही आत घेतलं. त्या चौदांत बीड आहे. म्हणजे योजना आपल्याकडे उशिरा आली, तरी पांढऱ्या कार्डाच्या आपल्या शेतकऱ्याला ती इतर जिल्ह्यांतल्या तशाच शेतकऱ्यांच्या आधी मिळाली. २०२३च्या निर्णयाने तर कार्डाचा रंगच बाजूला ठेवला आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेली. हृदयाची शस्त्रक्रिया, किडनी, कर्करोग यांसाठी या योजनेने माणसं जगवली आहेत. ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण या योजनेची रचना भरतीभोवती आहे. रुग्णालयात दाखल व्हा, ठरलेल्या यादीतली शस्त्रक्रिया होऊ द्या, पैसे रुग्णालयाला मिळतील. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला तर योजना आहे. तंबाखूने गालात गाठ आली आणि ती कर्करोगाची निघाली, तरी आहे. त्याच गालाशेजारी दाताला लागलेली कीड मात्र तिच्या हिशेबात नाही, कारण कीड काढून सिमेंट भरायला कोणी दाखल होत नाही. खुर्चीवर अर्धा तास बसायचं आणि घरी जायचं.

खासगी विम्यातही चित्र फारसं निराळं नाही. पॉलिसीचं पुस्तक कोणी वाचत नाही. मी वाचतो, ती माझी खोड आहे. त्यात वगळलेल्या गोष्टींच्या पानावर दातांचे उपचार बहुतेक वेळा सापडतात आणि पुढे शेपूट असतं, अपघातामुळे करावे लागले तर गोष्ट वेगळी. २०२०च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांना सक्तीची झालेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी जरा उदार आहे. आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारा दाताचा उपचार तीत धरलाय, पण रुग्णालयातल्या खर्चाच्या कलमाखाली. फिरून गाडी भरतीपाशीच येते.

विमा कंपन्या दातांना का घाबरतात? विमा चालतो तो फार थोड्यांवर येणाऱ्या मोठ्या संकटावर. हजार जणांनी पैसे भरायचे आणि दहा जणांना द्यायचे. दाताचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. हजारातल्या पाचशेंना द्यायचं असेल तर कंपनीने घ्यायचं कोणाकडून? इंग्लंडने हा अनुभव फार पूर्वीच घेतला. १९४८च्या जुलैमध्ये तिथे सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचार आणि कवळ्याही फुकट होत्या. कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की तीन वर्षांत सरकारला त्यांवर शुल्क बसवावं लागलं. ज्या अन्युरिन बेव्हन यांनी ती सेवा उभी केली, त्यांनी १९५१ साली कवळ्या आणि चष्म्यांवरच्या शुल्काच्या वादात मंत्रिपद सोडलं. कवळीपायी मंत्र्याने राजीनामा द्यावा, हे आपल्याकडे कोणाला खरं वाटणार नाही. अमेरिकेने १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी सरकारी विमा आणला तेव्हा नेहमीचे दातांचे उपचार सरळ बाहेरच ठेवले. 

इंग्लंडचा आणखी एक धडा आपल्या जास्त कामाचा आहे. २००६ साली तिथे दंतवैद्यांचा करार बदलला. उपचारांचे गट पाडले आणि एका गटातल्या उपचारांना एकच मोबदला ठरला. रुग्णाचा एक दात भरा की सहा भरा, डॉक्टरला तेवढंच. रूट कॅनलला दीड-दोन तास जातात, दात काढायला पंधरा मिनिटं, आणि दोन्ही एकाच गटात. पुढे काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. वेळखाऊ कामं कमी झाली. डॉक्टर रातोरात बिघडले नव्हते. पैसे ज्या बाजूला उताराने वाहत होते, त्या बाजूला त्यांचे हात वळले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कव्हर तुमच्या खिशाला किती पुरतं हा प्रश्न दुसरा. ते कव्हर डॉक्टरला काय करायला लावतं, हा पहिला.

हे बीड जिल्ह्यात मी वेगळं सांगायला हवं असं नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कित्येकींचं वय पस्तीसच्याही आत. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. या प्रकरणातले पैसे बहुतांशी विम्याचे नव्हते, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे होते. त्याच्या काही वर्षं आधी, २०१२च्या सुमारास, छत्तीसगड आणि बिहारमध्ये हेच झालं तेव्हा पैसे सरकारी विम्याच्या स्मार्ट कार्डातून जात होते. एकीकडे रोख, दुसरीकडे कार्ड, आणि दोन्हीकडे बाईला सांगितलेलं वाक्य तेच. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. म्हणून 'रोख देतो म्हणजे माझ्यावर चांगला उपचार होतो' हा समज सोडा आणि 'कार्डावर होतंय म्हणजे माझं काय जातंय' हाही सोडा.

दातांत अशी फसगत दोन तऱ्हांनी होते. जिथे रुग्ण गरीब असतो तिथे वाचणारा दात काढला जातो. जिथे पैसे दुसरं कोणी भरत असतं तिथे धडधाकट दाताला खड्डा पाडला जातो. आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या तऱ्हेला एक खास निमित्त सापडतं, ते म्हणजे आपलं पाणी. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांसारखं बीडमधल्याही काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड मर्यादेच्या वर निघालं. मर्यादा आहे लिटरला एक मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर दीड. लहानपणी, कायमचे दात हाडात घडत असताना, पोटात असं पाणी गेलं की दातांवर पांढरे पट्टे आणि पुढे पिवळे-तपकिरी डाग उठतात. हे डाग म्हणजे कीड नव्हे. डाग खरखरीत असेल, पण टोकदार हत्यार त्यात रुतत नाही, एक्स-रेत पोकळी दिसत नाही. वाड्या-वस्त्यांवरून शिकायला आलेली मुलं शहरातल्या दवाखान्यात जातात आणि 'आठ दात किडलेत' असा कागद घेऊन परततात, तेव्हा मी त्यांना आधी विचारतो, गाव कुठलं आणि पाणी कुठलं? जो डॉक्टर हा प्रश्न स्वतःहून विचारतो तो बरा, असं मी बेधडक सांगेन.

आता एक प्रसंग सांगतो. केज तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा पुण्यात कंपनीत. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आईवडील घातलेले आणि त्यात दातांसाठीही वर्षाला ठरावीक रक्कम. अट एकच, की कॅशलेस हवं तर यादीतल्या क्लिनिकमध्येच जायचं. गुरुजींचा जुना डॉक्टर इथलाच, साधा, यादीबाहेरचा. मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे वाया कशाला घालवायचे? दरवर्षी ती रक्कम तशीच जाते." गुरुजी मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये गेले. तिथे पाच दात भरायचे आणि दोन रूट कॅनल असं निघालं. कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी आधी आकडा बघितला. सगळ्याची बेरीज पॉलिसीच्या मर्यादेला इतकी नेमकी चिकटलेली होती, की आजार मोजून आणल्यासारखा वाटावा.

तोंडात बघितलं. पाचांतल्या तीन दाढांवर नुसत्या काळ्या रेघा होत्या. जुन्या डॉक्टरने त्या आठ-नऊ वर्षांपूर्वी आपल्या वहीत टिपून ठेवल्या होत्या, त्याच लांबीच्या, त्याच जागी. न वाढणारी रेघ म्हणजे थांबलेली कीड. ती बघत राहायची, तिला उकरायचं नसतं. इथपर्यंत गोष्ट आपल्या सोयीची आहे, गावचा साधा डॉक्टर खरा आणि शहरातलं चकचकीत क्लिनिक खोटं. पण दोन रूट कॅनलपैकी एक खरोखर लागणार होतं. जुन्या कॅपखाली मुळाच्या टोकाशी पू साठलेला एक्स-रेत स्वच्छ दिसत होता. जुन्या डॉक्टरने इतक्या वर्षांत त्या दाताचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता, कारण दुखत नव्हतं. ते काम गुरुजींनी त्या शहरातल्या क्लिनिकमध्येच करून घेतलं आणि तिथे ते चांगलं झालं. दोन दात इथे रोखीने भरले. तीन रेघा अजून आहेत तशा आहेत. पॉलिसीची उरलेली रक्कम वाया गेली म्हणून मुलगा आठवडाभर नाराज होता.

'वाया गेली' हा विचारच मला अवघड वाटतो. विम्याची रक्कम संपवायची असते असं आपल्याला वाटायला लागलं की समोरच्याचं निम्मं काम आपणच करतो. सरांसाठी एक गणित मांडू. समजा, दातांच्या जोडकव्हरसाठी वर्षाला तीन हजार जास्तीचे भरायचे आणि मिळणार जास्तीत जास्त पाच हजार. त्यातही पहिलं वर्ष थांबा, यादीतच जा, कॅप धरलेली नाही, कवळी धरलेली नाही, दात पांढरे करणं धरलेलं नाही. हेच तीन हजार पोस्टात टाकले तर चार वर्षांत बारा हजार होतात, आणि ते कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही दाताला चालतात. कंपनी फुकट देत असेल तर अवश्य घ्या. स्वतःच्या खिशातून घ्यायचं असेल तर आधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा आणि मग बेरीज करा.

मग डॉक्टर निवडायचा कशावरून? पाटीवरून कळतं ते एवढंच, की पदवी बीडीएस आहे की एमडीएस आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहिलाय की नाही. क्रमांक नसेल तर पायरी चढू नका. १९४८ सालचा दंतवैद्य कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या पण आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी नोंदवहीचा वेगळा 'ब' भाग ठेवला होता. ती पिढी गेली, तो दरवाजा केव्हाच बंद झाला. तरीही आठवडी बाजारात 'दात बसवून मिळतील' असं लिहिलेली पेटी अजून दिसते. तो माणूस शेजारच्या दातांना तार गुंडाळून, वर अ‍ॅक्रिलिकचा लगदा थापून, अर्ध्या तासात पक्का दात देतो. स्वस्त पडतो. निघत नाही म्हणून लोक खूश असतात. आणि न निघणं हेच त्याचं विष आहे. त्याखाली ब्रश पोचत नाही, हिरडी कुजते, हाड झिजतं, आणि दोन-तीन वर्षांत शेजारचे चांगले दातही त्याच्यासोबत हलायला लागतात. एक दात बसवायला गेलेला माणूस तीन घालवून माझ्याकडे येतो.

पाटी झाली की आत जा आणि निर्लज्जपणे बघा. हत्यारं कुठून काढतात? उकळत्या पाण्याच्या डब्यातून काढत असतील तर उठा. उकळून सगळे जंतू मेल्याची खात्री देता येत नाही. ऑटोक्लेव्ह हवा, दाबाखालची वाफ, १२१ अंशांना पंधरा-वीस मिनिटं, आणि हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. "डॉक्टर, हे पाकीट आत्ताच फोडलं ना?" असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. मी तर खूश व्हायचो.

रूट कॅनल असेल तर दोन गोष्टी मागून घ्या. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे. नंतरच्या एक्स-रेत भरलेला मसाला मुळाच्या टोकापर्यंत पोचलेला पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. अर्ध्यावर थांबला असेल तर तुम्हालाही दिसेल, त्याला पदवी लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रबर डॅम. दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पातळ पडदा. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या दंतवैद्याने १८६४ साली तो काढला. लाळ आत जाऊ नये, औषध घशात उतरू नये, सुईसारखी फाइल हातातून निसटली तर ती पोटात जाऊ नये, एवढी साधी सोय. दीडशे वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे बऱ्याच खुर्च्यांवर तो दिसत नाही. फार महाग असतो म्हणून हे होतं, असं नाही. लावायला पाच मिनिटं जातात आणि रुग्ण मागत नाही, म्हणून होतं. सिरॅमिकचे तीन प्रकार आणि त्यांची वॉरंटी किती वर्षं हे विचारणारा रुग्ण मला रोज भेटायचा, रबर डॅम मागणारा क्वचितच.

आणि पावती घ्या. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यात एक बारकावा आहे जो कार्डवाल्यांना ठाऊक नसतो. बिल विमा कंपनीने भरलं तरी तुम्ही ग्राहकच राहता. फुकट झालं, आता तोंड कशाला उघडायचं, असं मनाशी म्हणू नका.

आता ज्यांच्यामुळे हा विषय मला बीडचा वाटतो, त्यांच्याकडे येतो. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. रूट कॅनलला दोन-तीन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत नस काढून तात्पुरतं सिमेंट भरायचं, आठ-दहा दिवसांनी पुढचं काम, मग कॅप. सप्टेंबरच्या शेवटी पहिली बैठक केलेली बाई दुसऱ्या बैठकीला येत नाही, कारण ती फडात असते. तात्पुरतं सिमेंट ज्वारीच्या भाकरीपुढे किती दिवस टिकणार? जानेवारीत ते पडतं, फेब्रुवारीत गाल सुजतो, आणि तिथल्या अनोळखी गावात पाच-सातशे देऊन तोच दात काढला जातो. इकडे रूट कॅनलला दिलेले पैसे गेले, तिकडे दात गेला, आणि दोन दिवसांचा खाडा मुकादमाच्या वहीत लागला.

पुण्यातल्या परिषदेत कोणी मला सांगेल की दात वाचवणं हीच उत्तम सेवा. कोयत्यावर जाणाऱ्या माणसाला मी असं सरसकट सांगणार नाही. ज्याला निघायला पंधरा दिवस आहेत, कॅपला पैसे नाहीत आणि दाढ मागची आहे, त्याला 'ही काढू, आणि पुढची जी किडतेय ती आज भरू' म्हणणारा डॉक्टर मला जास्त शहाणा वाटतो. दात वाचवायचाच असेल तर एका बैठकीत पूर्ण होणारं रूट कॅनल पुष्कळ दातांना करता येतं. वेळ जास्त लागतो, पण करता येतं. आपल्या भागात दंतवैद्य पारखायची माझी एक कसोटी आहे. तो 'कारखान्याला कधी निघणार?' हे उपचार ठरवण्याआधी विचारतो की पैसे घेतल्यानंतर? आणि वरच्या दाढा काढल्या की नजर जाते म्हणून घाबरणाऱ्या म्हातारीला तो समजावून सांगतो की तिच्या भीतीचा फायदा घेऊन महाग काम गळ्यात मारतो? नजरेचा आणि दाढेचा काही संबंध नाही, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. पहाटे उठल्यावर मशेरी लावणं हे दात घासणं आहे असंच आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या धरलं गेलं. ती भाजलेली तंबाखू आहे. दुखणारी हिरडी तिने बधिर होते, म्हणून आणखी लावली जाते. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते तुम्ही जाणता. गालात पांढरा चट्टा आलाय, तिखट झोंबतंय, तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, तीन बोटं उभी आत जात नाहीत, अशी माणसं या सभागृहातही असतील. दाढ दाखवायला गेल्यावर गाल ओढून जीभ बाजूला करून जो डॉक्टर हे सगळं बघतो, त्याच्या फीत ती तपासणी आलीच. आणि इथे कार्डाचा विचित्र न्याय बघा. चट्टा असताना तो ओळखणं, तंबाखू सोडवणं, यासाठी कार्ड नाही. त्याची गाठ झाली की पाच लाख आहेत.

पैसे नसतील तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, तेही कुठल्याही कार्डाशिवाय. उपजिल्हा रुग्णालयात दाताचा डॉक्टर असेल तर दात काढणं, भरणं, साफ करणं तिथे होतं. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्यामुळे हा निर्णय त्याला लागू नाही. पण तिथलं शुल्क खासगीच्या मानाने किरकोळ, आणि दंत विभाग आहे. बीडला आणि लातूरला दंत महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. तिथे काम विद्यार्थी करतात म्हणून लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर रूट कॅनलला ती फार चांगली जागा आहे. पोराच्या प्रत्येक पायरीवर मास्तर येऊन सही करतो. खासगीत डॉक्टरच्या कामावर कोण सही करतं? वेळ मात्र जातो. एका दाताला चार फेऱ्या, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरा, मग ठरवा. शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात, त्यांच्या यादीत दात आहेत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात मागे राहणाऱ्या पोरांची तपासणी तिथेच होऊ शकते. शिक्षकांनी पथकाला मुलांचे दात बघायला लावावेत.

शेवटी मागणी. स्थलांतराआधी आणि परतल्यावर ऊसतोड कामगारांची तपासणी व्हावी, हे २०१९नंतर सगळ्यांनी मान्य केलं आहे. त्या तपासणीत दाताचा डॉक्टर बसवा, आणि ती दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, जूनमध्ये घ्या. जूनला किडलेली दाढ सापडली तर सरकारी दवाखान्यातल्या तारखांनीही काम ऑक्टोबरच्या आत पुरं होतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्याने पाच लाखांच्या कार्डात दाढ घुसवण्याच्या नादी लागू नये. ती घुसली तर काय होतं ते छत्तीसगड-बिहारमध्ये गर्भाशयाच्या बाबतीत दिसलंय. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पगारी दंतवैद्य, चालू खुर्ची, चालू एक्स-रे आणि संपलेलं सिमेंट महिन्याच्या आत मिळेल अशी तरतूद, एवढं मागावं. पगारी डॉक्टरला तुमची दाढ काढण्यात किंवा ठेवण्यात फायदा नसतो. तो आळशी निघण्याचा धोका असतो, तो मी नाकारत नाही. पण आळशी माणसाला कामाला लावता येतं, त्यासाठी रुग्ण कल्याण समितीची बैठक असते आणि तिथे आपण जातच नाही.

आता प्रश्न विचारा. येताना काही जणांच्या हातात एक्स-रेची पाकिटं दिसली. ती व्यासपीठावर आणू नका, इथल्या दिव्यात मला काही दिसायचं नाही आणि मी अंदाजाने बोलणार नाही. उद्या सकाळी नऊनंतर घरी या, जुनी वही असेल तर तीही घेऊन या.